खोकेपंत

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ‘खोके’ हा शब्द राजकारणात गाजला, त्याच्या बऱ्याच आधीपासून चलनात आहे. कुरिअरवाला आला की वॉचमन इंटरकॉमवर नाव-फ्लॅट काही सांगत नाही. नुसतं म्हणतो, “साहेब, खोका.” मग दुसऱ्या मजल्यावरून एक सेहेचाळीस वर्षांचा, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्या हुद्द्यावर असलेला, दहावीतल्या मुलीचा बाप पायांत दोन वेगवेगळ्या चपला अडकवून धावत जिना उतरतो. त्याचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. आम्हा सगळ्यांचा तो खोकेपंत.

खोक्यात असतो बोर्डगेम. हा शब्द त्याच्यासमोर जपून वापरावा लागतो. मी पहिल्यांदा अजाणतेपणी विचारलं होतं, “म्हणजे ल्युडो वगैरे?” वीस वर्षं ख्याल शिकलेल्या माणसाला ‘बारशाला गाता का?’ विचारल्यावर त्याचा चेहरा होईल, तसा याचा झाला. मग मला खुर्चीत बसवून जर्मनीतल्या क्लाउस टॉयबरची कथा सांगण्यात आली. हा गृहस्थ पेशाने दंततंत्रज्ञ, म्हणजे कवळ्या आणि दातांच्या टोप्या करणाऱ्यांपैकी. धंद्याच्या कटकटीतून डोकं मोकळं व्हावं म्हणून घराच्या तळघरात खेळ रचत बसायचा. १९९५ साली त्याचा ‘कॅटन’ आला, त्याच वर्षी त्याला तिकडचा ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या उत्तम खेळाचा मान मिळाला, आणि खोकेपंताच्या मते मानवजातीचा इतिहास तिथून सुरू होतो. आधीचं सगळं प्रास्ताविक. कॅटनमध्ये एका बेटावर रस्ते नि गावं बांधायची असतात आणि त्यासाठी मालाची अदलाबदल करायची असते. चार सुशिक्षित माणसं तासभर एकमेकांना “मेंढी घे, वीट दे” म्हणत बसतात. मी एकदा बसलो होतो. माझ्याकडे शेवटपर्यंत मेंढ्याच होत्या.

या छंदाचं एक जागतिक पीठ आहे, ‘बोर्डगेमगीक’ नावाचं संकेतस्थळ, २००० सालापासूनचं. तिथे प्रत्येक खेळाला एक ते पाच असं ‘वजन’ दिलेलं असतं. वजन म्हणजे डोक्याला ताप किती. खोकेपंत हे माप आता जगाला लावतो. सापशिडी एकच्या आसपास. वहिनींशी सुट्टीचं ठिकाण ठरवणं साडेतीन. सोसायटीची वार्षिक सभा पावणेपाच, आणि तीही खेळाडूंनी नियमपुस्तिका न वाचल्यामुळे.

त्याच्याकडे आजमितीला २१२ खोकी आहेत. हा आकडा त्याच्या एक्सेलमधला आहे, त्यामुळे शंका नको. त्यातली खेळून झालेली किती, हा रकाना त्याने लपवून ठेवलाय. तुर्भ्याला आयकिया उघडलं, २०२० च्या डिसेंबरात, तेव्हा लोक तिथे मीटबॉल खायला गेले. हा मोजपट्टी घेऊन गेला. तिथलं ‘कॅलॅक्स’ नावाचं चौकोनी खणांचं कपाट जगभरच्या या पंथाचं अधिकृत कपाट मानलं जातं. खण तेहेतीस सेंटिमीटरचा, आणि बहुतेक खेळांचं चौकोनी खोकं त्यात गुलाबजाम पाकात बसावा तसं बसतं. दोन कपाटं आली. मग आणखी एक. तिसऱ्यासाठी देव्हारा पूर्वेच्या भिंतीवरून दक्षिणेच्या भिंतीवर हलवायचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याच्या आईने दोन दिवस अबोला धरला. शेवटी डायनिंग टेबल गेलं. म्हणजे ज्या टेबलावर खेळायचं, ते काढून खेळ ठेवायचं कपाट आलं. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, आता आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो. पण भिंत छान दिसते.”

पण हा माणूस खेळतो केव्हा हे विचारण्यात अर्थ नाही. तो घेतो कसा, ते पाहण्यासारखं आहे.

ठाण्यात स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक दुकान आहे. पुढच्या भागात क्रिकेटच्या बॅटी, कॅरमची पावडर, शटलकॉकचे डबे, शाळांना लागणारे चषक. मागच्या भागात, पडद्याआड, खोकेपंताचं पंढरपूर. मालक कच्छी, तीन पिढ्या ठाण्यात, मराठी आपल्याहून स्वच्छ. सगळे त्यांना शेठ म्हणतात. परदेशी खेळ ठेवायचा हट्ट त्यांच्या मुलाचा. मुलगा कॅनडाला गेला, खेळ राहिले. गिऱ्हाईक विचारणार आणि आपल्याला सांगता येणार नाही, हे शेठच्या धंद्याच्या तत्त्वात बसेना, म्हणून साठी उलटल्यावर या माणसाने चष्मा लावून चाळीस-पन्नास नियमपुस्तिका पाठ केल्या. ‘विंगस्पॅन’ हा पक्ष्यांचा खेळ ते इतका सुरेख समजावतात, की ऐकणाऱ्याला भिगवणला जावंसं वाटावं. त्यात १७० पक्ष्यांचे पत्ते असतात आणि पक्ष्यांना रंगीत अंडी घालावी लागतात. शेठ जैन. अंड्यांना ते दुकानात ‘मणी’ म्हणतात. “आता या बगळ्यावर दोन मणी ठेवा, साहेब.”

दर शनिवारी खोकेपंत तिथे जातो. आधी खोकं उचलून तळहातावर तोलतो. मग झाकण किंचित उचलून वास घेतो. छपाईचा वास, म्हणे, जर्मन वेगळा आणि चिनी वेगळा. मग शेठ मागच्या टेबलावर नमुन्याचा संच मांडतात, नियम समजावतात, स्वतः खेळायला बसतात आणि मुद्दाम हरतात. मध्ये दोनदा चहा येतो. दोन तासांनी खोकेपंत उठतो, खोकं उलटं करतो, मोबाइल काढून बारकोडाचा फोटो घेतो आणि साडीच्या दुकानात नवरे म्हणतात तसं म्हणतो, “घरी विचारून सांगतो.”

मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर गेलो, तेव्हा लाजेने मला शटलकॉकच्या डब्यामागे लपावंसं वाटलं होतं. शेठ मात्र शांत. म्हणाले, “फोटो नीट आला ना? ट्यूब लावू का?”

बाहेर वडापावच्या गाडीशी उभं राहून त्याने फोनवर भाव काढला. दुकानात तीन हजार, फोनवर सव्वीसशे पन्नास. “साडेतीनशे वाचले!” म्हणत त्याने आनंदाने दोन वडापाव जास्त घेतले. रेल्वेचं भाडं, वडापाव, शनिवारची अख्खी संध्याकाळ आणि शेठचे चार कटिंग हे त्याच्या एक्सेलमध्ये येत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाला, “ते छंदाच्या खात्यात. हे खरेदीच्या.”

फोनवरची खरेदी ही रात्रीची विद्या. बाराच्या ठोक्याला सेल उघडतो. याने अकरा अठ्ठावन्नचा गजर लावलेला असतो. शेअर बाजार त्याला कळत नाही, पीपीएफच्या पलीकडे तो कधी गेला नाही, पण कुठल्या खेळाचा भाव गेल्या सहा महिन्यांत कसा चढला-उतरला, याचे आलेख त्याच्याकडे आहेत. वस्तू आली की खोकं फोडण्याचं चित्रीकरण. एका हातात सुरी, दुसऱ्यात मोबाइल. कारण कोपरा चेपलेला निघाला तर पुरावा हवा. अशा एका ऐतिहासिक चित्रफितीत मागे कुकरच्या तीन शिट्ट्या होतात आणि आईचा आवाज येतो, “अरे, गॅस बंद कर, मेला खेळ कुठं पळून जातोय!” ही फीत त्याने तक्रारीसोबत जोडून पाठवली होती.

एकदा फारच स्वस्त कॅटन मिळाला. इतका स्वस्त, की त्याने मला रात्री पाऊण वाजता फोन केला. चार दिवसांनी खोकं आलं आणि खोकेपंत जमिनीवर बसला. पुठ्ठा लग्नपत्रिकेच्या जाडीचा. गव्हाचं शेत आणि डोंगर यांचा रंग एकच. नियमपुस्तिकेत पाचव्या पानानंतर थेट आठवं. नकली माल! लोकप्रिय खेळांच्या अशा नकला राजरोस फिरतात. पैसे परत मिळाले, माल परत न्यायला मात्र कोणी आलं नाही. आता तो नकली कॅटन घरात पाहुण्यांसाठी काढला जातो, जशा चांगल्या कपबशा ठेवून बाकीच्या रोजच्या वापरात असतात, त्याच्या नेमकं उलट. मला तोच देतात. माझ्या मेंढ्या निळसर का होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

याहून अवघड प्रकार म्हणजे वर्गणीचा. न बनलेल्या खेळाला आधी पैसे द्यायचे, पुरेसे लोक जमले तर खेळ छापला जातो आणि वर्ष-दीड वर्षाने घरी येतो. किकस्टार्टर हे त्यातलं मोठं नाव, २००९ पासूनचं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे भिशीच की. फक्त आमच्या भिशीत नंबर लागतो, आणि दर महिन्याला काहीतरी खायला असतं.” ‘ग्लूमहेवन’ नावाचा एक राक्षसी खेळ अशाच वर्गणीतून जन्मला आणि २०१७ साली लोकांच्या हातात पडला. खोकं साधारण दहा किलोचं. आत ९५ मोहिमा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वॉचमन आणि खोकेपंत दोघांनी मिळून ते वर चढवलं, मधल्या जिन्यावर टेकवून पाणी प्यायले. शेजारच्या काकूंना वाटलं, फ्रिज आला. दोन वर्षांत तिसऱ्या मोहिमेपर्यंत प्रगती आहे.

परदेशातून खोकं येतं तेव्हा आधी कुरिअरकडून आधार कार्ड मागणारा फोन येतो, मग सीमाशुल्काचा आकडा. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. आता सीमाशुल्काच्या वर्गवारीत ९५०३ या आकड्याखाली खेळणी येतात आणि ९५०४ खाली टेबलावरचे, दिवाणखान्यातले खेळ. हा भेद तोंडपाठ असलेला डोंबिवलीतला बहुधा हा एकमेव इसम. त्या दिवशी मी समोरच होतो.

“हे खेळणं नाहीये हो, हा खेळ आहे,” खोकेपंत फोनवर सांगत होता.

पलीकडून विचारणा झाली असावी, फरक काय?

“खेळण्याशी खेळतात. खेळ खेळतात.”

बराच वेळ शांतता. मग पलीकडच्या माणसाने त्याचं वय विचारलं. सांगताना याचा आवाज किंचित खाली गेला. पलीकडून मागितले तेवढे पैसे याने भरले.

तेव्हापासून त्याने मराठी मध्यमवर्गाचा जुना, खात्रीचा मार्ग धरला. “तिकडून कोणी येतंय का?” पूर्वी याच मार्गाने कॅमेरे आले, परफ्यूम आले, बदामाची पाकिटं आली. कोणाची मुलगी न्यू जर्सीला बाळंत झाली की सोसायटीत पेढे वाटतात. खोकेपंत पेढा तोंडात टाकून हिशेब करतो की आजी-आजोबा सहा महिन्यांनी परतणार, दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. तळमजल्यावरच्या काका-काकूंना त्याने अशीच गळ घातली. काकू बिचाऱ्या नातीचे जुने कपडे मागे ठेवून याचं खोकं घेऊन आल्या. विमानतळावर कोणीतरी सहज विचारलं, “यात काय?” काकू खरं बोलणाऱ्या. म्हणाल्या, “मला काय माहीत! माझं नाहीच ते. शेजाऱ्यांनी दिलंय.” विमानतळावर म्हणू नयेत अशा वाक्यांत याचा नंबर पहिला असावा. काकांच्या म्हणण्यानुसार पुढचा पाऊण तास त्यांच्या पन्नास वर्षांच्या संसारातला सगळ्यात लांब होता. शेवटी टेबलावर चार रंगांचे लाकडी ठोकळे, फासे आणि गाजरांची चित्रं निघाली. ससे पाळायचा खेळ होता.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे एसेन. जर्मनीतल्या या शहरात १९८३ पासून दर ऑक्टोबरात खेळांची जत्रा भरते, चार दिवस, आणि अलीकडे तिथे दोन लाखांच्या घरात माणसं येतात. अमेरिकेत १९६८ साली लेक जिनिव्हा नावाच्या गावात गॅरी गायगॅक्सने ‘जेनकॉन’ सुरू केलं, ते आता इंडियानापोलिसला भरतं. पण तिथे जायचं तर अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत आणि ‘प्रवासाचा हेतू’ हा प्रश्न. तो खोकेपंताला ९५०३ पासून नको झालाय. एसेनचं मात्र असं जमलं की त्याच्या कंपनीने त्याला डुसेलडॉर्फला महिनाभर पाठवलं. तिथून एसेन अर्ध्या तासावर. आता ही जत्रा ऑक्टोबरात येणार आणि कंपनीचं काम नेमकं ऑक्टोबरातच निघणार, या योगायोगामागे खोकेपंताने आठ महिने केलेली मेहनत होती. तेवढी मेहनत त्याने बढतीसाठी केली असती, तर आज तुर्भ्याऐवजी सागवानी कपाट असतं.

जाताना त्याची बॅग तेवीस किलो भरली. चकल्या, अनारसे, चिवडा, भाजणी, गोडा मसाला. तिथल्या एका मराठी कुटुंबाला दिवाळीचा फराळ पोचवायची जबाबदारी त्याने स्वतःहून अंगावर घेतली होती. त्या घरी अजून खोकेपंताचं नाव डोळ्यांत पाणी आणून घेतात. फराळ पोचला आणि बॅग रिकामी झाली, हा त्यातला व्यवहार त्यांना कळलेला नाही.

एसेनच्या जत्रेत दहा वाजता दरवाजे उघडतात आणि माणसं रिकाम्या ट्रॉल्या घेऊन धावतात. हव्या त्या नव्या खेळाच्या प्रती संपायच्या आत त्या दालनात पोचायचं असतं. तिथे सगळे गर्दी-गर्दी म्हणून घाबरत होते, आणि खोकेपंत गर्दी शोधत होता. “अरे, माणसामाणसांत एवढी जागा!” हाताने फूटभर अंतर दाखवत तो सांगतो. सकाळी ८.१२ ची फास्ट पकडणाऱ्याला एसेनचं दालन म्हणजे रविवारचं नाना-नानी पार्क. तो सुरकन घुसला, पहिला पोचला, एकावर एक तीन खेळ उचलून पैसे भरून बाहेर आला. त्यातला एक जर्मन भाषेतला निघाला, हे हॉटेलात कळलं. घाईत झेंडा बघायचा राहिला. दोनशे पत्ते, प्रत्येकावर चार ओळी जर्मन. आज तो खेळ काढला की खोकेपंत पत्ता हातात घेतो, फोनचा कॅमेरा धरतो, भाषांतर वाचतो. फोन एकदा म्हणाला, “तुमच्या शेजाऱ्याला एक डुक्कर देणे भाग आहे.” मी दिलं.

परतीची गोष्ट तो स्वतःच हसत सांगतो. खोकी मोठी आणि आत हवा जास्त, म्हणून त्याने सगळ्या खेळांच्या आतलं सामान पिशव्यांत काढलं आणि खोकी भांड्यांच्या उतरंडीसारखी एकात एक घातली. तरी वजन भरलं, मग शर्ट-पँटी त्या मराठी कुटुंबाकडे ठेवून आला. धातूची नाणी हातातल्या पिशवीत. सुरक्षा तपासणीच्या पडद्यावर दोन किलो नाणी दिसल्यावर जर्मन बाईने त्याला बाजूला घेतलं. नाण्यांवर समुद्री चाचे होते. मुंबईत उतरताना त्या वेळी पन्नास हजारांपर्यंतचं सामान शुल्काविना आणता येत होतं, तर याच्याकडे एकोणपन्नास हजार दोनशेच्या पावत्या, क्रमाने लावलेल्या. कोणी बघितल्याच नाहीत. याचंच त्याला वाईट वाटतं.

मधल्या काळात एक वेगळंच प्रकरण झालं. त्याची आई सावंतवाडीची. जत्रेच्या गप्पा ऐकून ऐकून एकदा म्हणाली, “आमच्याकडेसुद्धा पत्ते रंगवतात हो, राजवाड्यात.” मे महिन्यात सगळे गेले. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी ही कला बुडताना वाचवली. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. खोकेपंताने किंमत विचारली आणि सवयीने खिशातून फोन काढला. मग फोन हातात तसाच धरून उभा राहिला. बारकोड नव्हता. बसल्या जागी माणूस मत्स्यावताराच्या शेपटीला रंग देत होता. भाव कुठे ताडून बघणार? वहिनी सांगतात, लग्नातसुद्धा इतका गोंधळलेला पाहिला नव्हता.

पत्ते घेतले. घरी आल्यावर पुढचं संकट. प्रत्येक खेळाच्या प्रत्येक पत्त्याला तो प्लास्टिकचं आवरण घालतो. साडेत्रेसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर, हजाराच्या घाऊक गठ्ठ्याने आणलेली. गोल पत्त्याला आवरण मिळेना. जर्मनीतसुद्धा. शेवटी वहिनींनी रिकामा डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. आणि नियमपुस्तिका? ती म्हणजे आई, वय ऐंशी. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा ज्याच्याकडे त्याने. आम्ही तिघं बसलो तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजलेले. हा म्हणाला, अजून उजेड आहे, राम. आईने देवापुढच्या निरांजनाकडे बोट दाखवलं. दिवा लागला की रात्र. कृष्ण माझ्याकडे होता. त्या घरात मी जिंकलेला तो पहिला डाव.

आता शेठकडे परत येतो, कारण खोकेपंतालाही सारखं यावं लागतं. आगगाड्यांचा ‘टिकिट टू राइड’ त्याने फोनवरून मागवला होता. त्यात प्लास्टिकचे छोटे डबे असतात, पाच रंगांचे मिळून २४०. प्रत्येक रंगाचे ४५ लागतात, पण खोक्यात ४८ देतात, तीन जादा. याने मोजले. निळे ४७ भरले. म्हणजे खेळायला पुरून वर दोन उरत होते. पण याची झोप उडाली. विकणाऱ्याशी पत्रव्यवहार झाला, तिकडून कोणा यंत्राने सहा वेळा दिलगिरी व्यक्त केली. शनिवारी हा शेठसमोर उभा. शेठनी गल्ल्याखालून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला, त्यात असंख्य सुटे फासे, सोंगट्या, लाकडी माणसं. चिमट्याने शोधून त्यांनी एक निळा डबा त्याच्या तळहातावर ठेवला. पैसे घेतले नाहीत. खोकेपंताने ओशाळून कॅरमच्या पावडरचा एक डबा विकत घेतला. त्याच्याकडे कॅरम नाही.

त्यानंतर ‘अझुल’चं झालं. २०१७ चा खेळ, पोर्तुगीज फरशांचा, दिसायला देखणा. शेठनी समजावला, दोन चहा, बारकोडाचा फोटो, ट्यूब. रविवारी रात्री बाराला याने फोनवर मागवला, बुधवारी आला. खोकेपंताने चित्रीकरण सुरू करून सुरी चालवली आणि थांबला. खोक्याच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे दुमडून लावलेले, वर मऊ कागद, मग बाहेरचं खोकं. जन्मात पहिल्यांदा एकही कोपरा चेपलेला नव्हता. कोपऱ्यांच्या हालहवालीवर तो गेली सहा वर्षं दर शनिवारी शेठसमोर कळवळून बोलत आलाय, हे इथे सांगायला हवं. त्याने भारावून पाच तारे दिले, चार ओळींचा अभिप्राय लिहिला. मग टाकायच्या आधी लेबल वाचलं. पाठवणाऱ्या कंपनीचं नाव अनोळखी. पत्ता ठाण्याचा. गाळा नंबर ओळखीचा.

शनिवारी मला सोबतीला नेलं. शेठच म्हणाले, “आला ना नीट? कोपरे?”

“शेठ, तुम्हीच?”

“तुम्ही फोटो काढून जाता. म्हटलं, ऑर्डर कुठेतरी जाणारच. आमच्याकडे आली तर बरी.”

“पण मग इथे साडेतीनशे जास्त का?”

“तिथे त्यांचं कमिशन, आमचा पुठ्ठा. सेल लावतात तेव्हा भाव आम्हीच सोसायचा. अझुलमागे एकशे दहा सुटले, साहेब. त्यात तुमचे दोन चहा.”

खोकेपंताने विचार केला. “मग तोच भाव मला इथे द्या. तुमचं कमिशन वाचेल, माझं वाट बघणं वाचेल.”

“देतो की,” शेठ म्हणाले. “मग शिकवणार नाही. तिथे शिकवतात का?”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून टेबल मांडलं. नवीन खेळ आला होता, चौघांचा. आम्ही तिघं. खोकेपंताच्या घरी भिंतभर खेळ आणि चौथ्या गड्यासाठी दर रविवारी सोसायटीभर फोन. मला ताप असतानासुद्धा नेलंय. इथे शेठनी पडदा नुसता बाजूला सारला. काउंटरवर शटलकॉक घ्यायला आलेला कॉलेजातला मुलगा उभा होता. “दहा मिनिटं आहेत का?” तो बसला. सव्वादोन तासांनी उठला, शटलकॉक विसरून गेला. तो जिंकला होता. खोकेपंताला त्याचा नंबर घ्यायचा होता, पण शेठ म्हणाले, “कशाला? शनिवारी येईल.”

निघताना खोकेपंताने खोकं उलटं केलं. शेठनी सवयीने ट्यूबच्या बटणाकडे हात नेला. याने फोन काढला, परत खिशात ठेवला, पाकीट काढलं आणि अठ्ठावीसशे रुपये मोजून दिले. बिल घेतलं, घडी करून झाकणाखाली ठेवलं. मी काही बोललो नाही. अशा वेळी बोलू नये.

स्लो लोकल मिळाली, बसायलाही. खोकं त्याच्या मांडीवर, दोन्ही हात वर, पहिलटकरणीने बाळ धरावं तसे. कळवा गेलं, मुंब्रा गेलं. दिव्याला त्याने फोन काढून पाहिला आणि ठेवला. कोपरला परत काढला. डोंबिवलीला गाडी थांबता थांबता त्याने तो माझ्या नाकासमोर धरला. तोच खेळ, सव्वीसशे दहा. अजून चाळीस उतरणार असल्याचं खाली लाल अक्षरांत. विकणारा तोच, ठाण्याचा.

“बघ,” खोकेपंत म्हणाला, “शेठ बारापर्यंत जागे असणार.”